एका भित्तिपत्रकाची खरेदी

दोन वर्षांपूर्वी काही कौटुंबिक कामानिमित्त मुंबईस जाणे झाले, तेव्हा जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून आम्ही एक भित्तिपत्रक विकत घेतले. 'मॅकेनाज गोल्ड' या १९६९ सालच्या अमेरिकन चित्रपटाचे ते भित्तिपत्रक. किंमत १८०० रुपये. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने एका कागदासाठी एवढी रक्कम मोजावी, हे घरात कोणास फारसे रुचले नाही. आणि खरे सांगावयाचे तर त्या वेळी आमचे आम्हांसही त्याचे कारण नीट सांगता आले नसते. ते कारण शोधता शोधता जे हाती लागले, ते आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील जुन्या मराठी घराण्यांच्या कानी घालावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा चित्रपट आम्ही १९७८ साली नागपुरास पाहिला. पदवीच्या पहिल्या वर्षात होतो. वडीलबंधू संत्र्यांच्या हिशेबासाठी नागपुरास निघाले होते, त्यांनी आम्हांस सोबत घेतले. सौंसरहून छोट्या रेल्वेने सकाळी निघावे आणि दुपारी इतवारीस उतरावे, असा तो काळ होता. (ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली, आता त्या मार्गावर रुंद लोहमार्ग आहे.) हिशेब उरकल्यावर भाऊंनी, आम्ही न विचारताच, इंग्रजी चित्रपटाची दोन तिकिटे काढली. संवाद दोघांसही जेमतेम कळले. परंतु सूर्य उगवताच उंच सुळक्याची सावली लांबत जाते आणि सोन्याच्या दरीची वाट दाखवते, तो प्रसंग कळण्यास भाषेची गरज नव्हती. परतीच्या गाडीत अंधारातल्या सातपुड्याकडे पाहत भाऊ म्हणाले, "आपल्या पाताळकोटातही असंच काही असेल, कोणी पाहिलंय?" भाऊ आता नाहीत. दुकानातील भिंतीवर ते भित्तिपत्रक दिसले, तेव्हा १८०० रुपये आम्ही कशासाठी मोजले, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर इतिहासात आहे.

ज्यास 'वेस्टर्न' म्हणतात तो चित्रपटप्रकार जवळजवळ चित्रपटकलेइतकाच जुना आहे. एडविन पोर्टर यांचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' १९०३ साली आला; आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला तो ३ मे १९१३ रोजी. जॉन फोर्ड यांचा 'स्टेजकोच' (१९३९), फ्रेड झिनेमान यांचा 'हाय नून' (१९५२), जॉर्ज स्टीव्हन्स यांचा 'शेन' (१९५३), पुन्हा फोर्ड यांचाच 'द सर्चर्स' (१९५६) ही त्या प्रकारातील मानाची नावे. 'मॅकेनाज गोल्ड'ला जाणकारांनी त्या पंक्तीत कधी बसवले नाही. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, टेली सॅव्हालस असे मोठे नट, 'हाय नून'चे पटकथाकार कार्ल फोरमन हे निर्माते व पटकथालेखक, दिग्दर्शक जे. ली टॉम्प्सन, एवढे सारे असूनही अमेरिकेत तो पडला. हिंदुस्थानात मात्र त्याने गर्दीचे उच्चांक गाठले, वर्षानुवर्षे तो फिरून फिरून येत राहिला. सोव्हिएत संघातही तो कोट्यवधी लोकांनी पाहिला. ज्या देशाची ती कथा, त्या देशाने पाठ फिरवली आणि जेथे ना ती भाषा ना ते वाळवंट, तेथील लोकांनी ती डोक्यावर घेतली. आमच्या पिढीला 'वेस्टर्न' म्हटले की तोच चित्रपट आठवतो.

हा प्रकार आपल्या मातीत रुजला तो १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'शोले'मुळे. रमेश सिप्पी यांनी बंगळुरूजवळील रामनगरच्या खडकांत रामगढ उभे केले. घोडे, बंदुका आणि रेल्वेवरील हल्ला हे अमेरिकेकडून व इटलीकडून आले. पण गब्बरसिंग हे नाव मात्र आपल्याच राज्यातील भिंड भागात १९५० च्या दशकात वावरलेल्या दरोडेखोराचे आणि पटकथा लिहिणाऱ्या जोडीतील सलीम खान इंदूरचे. पश्चिमेचे खोगीर, पण घोडा इकडचा, असाच तो प्रकार होता.

हे सारे चित्रपट सौंसरसारख्या गावी पोहोचत कसे, हा प्रश्न आम्हांस नोकरीत असताना प्रथम पडला. करमणूक कराच्या तपासणीसाठी चित्रगृहांत जाण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे होते. ज्या कायद्यान्वये तो कर घेतला जाई, तो १९३६ सालचा, मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काळातला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि त्या जुन्या कराची सद्दी संपली. तिकिटांचे गठ्ठे मोजताना वितरकांची कागदपत्रे पाहण्यात येत आणि त्यांवर एक नाव हमखास असे, 'सी.पी. बेरार'.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत १९५० साली नावाने मध्य प्रदेश झाला. नागपूर त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसे, घर न हलवता, दुसऱ्या राजधानीची प्रजा झाली. आमच्या वडिलांच्या अर्जांवरचा पत्ता एका रात्रीत नागपूरऐवजी भोपाळचा झाला. परंतु चित्रपटव्यवसायाने ही फाळणी मानलीच नाही. त्याच्या नकाशावर विदर्भ, महाकोशल आणि छत्तीसगड हे 'सी.पी. बेरार' या एकाच वितरणक्षेत्रात राहिले. भुसावळ आणि अमरावती ही त्या व्यवहाराची मोठी ठाणी. ज्या प्रांताचे नाव शासनाच्या शिक्क्यांवरून पुसले गेले, ते चित्रपटांच्या पेट्यांवर पुढे अनेक दशके टिकले. आपल्या गावी चित्रपटाची रिळे आणि भित्तिपत्रकांची गुंडाळी भोपाळहून येत नसे, ती दक्षिणेकडून येई. सीमारेषेने जे तोडले ते कागदाच्या त्या गुंडाळीने काही प्रमाणात जोडून ठेवले, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

ती भित्तिपत्रके आपण सर्वांनीच पाहिलेली आहेत. बाजाराच्या दिवशी भोंगा बांधलेली गाडी गावातून फिरे, मागे एक पोऱ्या खळीची बादली आणि कुंचा घेऊन चाले. जुन्या भित्तिपत्रकावर नवे चिकटे. पोळ्याच्या सुमारास पावसाने साऱ्या थरांचा मिळून लगदा होई आणि त्यात कधी नायकाचा अर्धा चेहरा, कधी खलनायकाचा हात तेवढा उरे. जो कागद चिकटवण्यातून वाचे, तो आम्हां मुलांच्या पुस्तकांना वेष्टण म्हणून येई. जपून ठेवण्याची ती वस्तू आहे, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आणि तरीही या कलेचा आरंभ मराठी माणसांच्या हातून झालेला आहे. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना मुंबईत १८९४ साली निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला; त्याच छापखान्यासाठी फाळक्यांनी काम केले होते. चित्र दगडावर उतरवून त्याच्या शेकडो रंगीत प्रती काढण्याची विद्या अशा रीतीने चित्रपटाच्या जन्माआधीच त्याच्या जनकापाशी होती. कोल्हापूरच्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांनी, ज्यांस आपण बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला आणि लोकमान्यांकडून 'सिनेमा केसरी' ही पदवी मिळवली. नाटकाचे पडदे रंगवणारा हा हात चित्रपटाची जाहिरातही स्वतःच रंगवीत असे. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने सचित्र भारतीय चित्रपट-भित्तिपत्रक मानले जाते. त्याच कंपनीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे १९२९ साली स्थापन झालेल्या 'प्रभात'चे आधारस्तंभ झाले. पंढरपुरास जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरीत. 'दीवार'चे भित्तिपत्रक ज्यांच्या कुंचल्यातून उतरले ते दिवाकर करकरे हेही मराठीच. आपल्या साहित्यसभांत नाटककारांच्या तसबिरी लागतात, गायकांच्या लागतात. या चित्रकारांचे नाव मात्र आमच्या ऐकण्यात क्वचितच आले. भिंतीवर चिकटवले गेले ते हलके, अशी काहीशी आपली समजूत असावी.

आता आमच्या खरेदीकडे वळू.

सौंसरला परतल्यावर ते भित्तिपत्रक आम्ही बैठकीत, भाऊंच्या छायाचित्राशेजारी लावले. आठवडाभर बरे वाटले. मग एके दिवशी सुटीवर आलेल्या नातवाने त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "आजोबा, ही घडी बोटाला लागतच नाही." आम्ही चष्मा लावून पाहिले. पोराचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या काळी अमेरिकन भित्तिपत्रके घड्या घालून पाठवीत, त्यामुळे खऱ्या प्रतीवर घड्यांच्या रेषा असतात. आमच्या प्रतीवरही त्या होत्या, पण चित्रात. कागद सपाट होता आणि घडी छापलेली होती! कोणीतरी खऱ्या भित्तिपत्रकाची यंत्राने प्रतिमा घेऊन, घड्यांसकट, नवा कागद छापला होता.

मग आम्ही तपासणीच्या जुन्या सवयीने पुढचे सारे पाहिले. त्या काळातील अमेरिकन एकपानी भित्तिपत्रक २७ इंच रुंद व ४१ इंच उंच असे. आपल्याकडील साधारण ३० बाय ४०. आमचे भरले २४ बाय ३६, म्हणजे हल्ली शोभेसाठी छापतात त्या मापाचे. अमेरिकेत भित्तिपत्रकांचे वितरण 'नॅशनल स्क्रीन सर्व्हिस' ही संस्था करी आणि तळाशी बारीक अक्षरांत वर्षासह क्रमांक छापी; १९६९ च्या चित्रपटास आरंभी ६९ हा आकडा. आमच्या प्रतीवर ती ओळ होती, पण भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुटलेल्या, रंगांच्या ठिपक्यांवर आणखी ठिपके चढलेले. हिंदुस्थानात छापलेल्या भित्तिपत्रकाची खूण याहून सोपी आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व गाव देणे बंधनकारक केले होते. तो कायदा आता बदलला आहे, परंतु जुन्या भित्तिपत्रकाच्या तळाशी ती ओळ शोधावी, बहुधा सापडते.

१८०० रुपये गेले, याचे दुःख दोन दिवस टिकले. त्याहून अधिक काळ टिकली ती शरम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तिकिटांचे गठ्ठे तपासले आणि घरी आणलेला कागद एका शाळकरी मुलाने तपासून दाखवला!

परंतु नक्कल म्हणजे नेहमीच खोटेपणा, असेही नाही. पोलंड देशात ४ जून १९८९ रोजी अंशतः मुक्त निवडणूक झाली, तेव्हा तोमाश सारनेत्स्की या तरुण चित्रकाराने 'हाय नून'मधील गॅरी कूपरची आकृती घेतली. त्याच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका दिली, छातीवर शेरीफच्या ताऱ्यावर 'सॉलिडॅरिटी'चे चिन्ह लावले आणि मागे त्या संघटनेचे नाव लाल अक्षरांत लिहिले. मतदानाच्या दिवशी पोलंडच्या भिंतींवर कूपर चालत येताना दिसला. सॉलिडॅरिटीस ज्या जागा लढविण्याची मुभा होती, त्या एक सोडून साऱ्या तिने जिंकल्या. त्या तरुणानेही दुसऱ्याचेच चित्र उचलले होते, पण त्यातून त्याने स्वतःचे काही म्हटले. आमच्या भिंतीवरील कागद आमचे स्वतःचे काय म्हणत होता? हा प्रश्न मनातून जाईना.

उत्तर मिळाले ते अवघड होते. 'वेस्टर्न' ही मुळात वसाहतकारांची कथा आहे. पूर्वेकडून माणसे येतात, रान मोडतात, वस्ती करतात, शत्रूशी झुंजतात. शत्रू बहुधा तेथील मूळचा रहिवासी. भित्तिपत्रकावर घोडेस्वाराचा चेहरा हातभर मोठा आणि मूळ रहिवासी असलाच तर क्षितिजावरील ठिपक्याएवढा. 'मॅकेनाज गोल्ड'मध्ये सोने अपाचे लोकांचे, दरी त्यांची, तिची राखण करणारे देवही त्यांचे. पण हेश-के या अपाचे स्त्रीची भूमिका ज्युली न्यूमार यांनी केली आणि हचिता या अपाचे योद्ध्याची टेड कॅसिडी यांनी. दोघेही अपाचे नव्हते. कथेतही आणि पडद्यावरही त्यांची जागा इतरांनीच घेतली होती.

हे आपल्याला का लागावे? कारण आपणही आलेलोच आहोत. सौंसरपासून फार दूर नसलेले देवगड ही गोंड राजांची राजधानी होती. त्या गादीवरील बख्तबुलंद शाहाने १७०२ साली नागपूर वसवले. १७३९ साली चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाचा तंटा लागला, पहिले रघूजी भोसले मदतीस आले आणि पाहता पाहता राज्यकर्ते झाले. १८५४ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६० च्या दशकातील बंदोबस्तात मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली. १९५१ साली मालगुजारी संपली. आपल्यातील बहुतेक घराण्यांचा येथील इतिहास याच दोन-अडीचशे वर्षांत मावतो.

आमच्या घरी आजोबांनी लिहून ठेवलेला कुलवृत्तांत आहे. त्यात पहिल्याच पानावर 'ओसाड रानात वसती केली' असे वाक्य आहे. लहानपणी ते वाचताना ऊर भरून येई. सेवेत असताना त्याच गावचे जुने दप्तर आम्ही पाहिले होते. त्यात आमच्या शेतांच्या आधीच्या वहिवाटदारांची नावे गोंडांची होती. रान ओसाड नव्हते. ते आमच्या कागदावर ओसाड होते. ही गोष्ट आम्हांस तीस वर्षे ठाऊक होती आणि कुलवृत्तांताची नक्कल मुलासाठी करून देताना आम्ही ते वाक्य जसेच्या तसे उतरवले होते. दुकानदाराने आमच्या गळ्यात मारलेली छापील घडी आणि आम्ही मुलाच्या हाती दिलेले ते वाक्य, यांत फरक असलाच तर एवढाच, की दुकानदाराने पैसे घेतले.

भाऊंनी त्या रात्री पाताळकोटाकडे पाहून "कोणी पाहिलंय?" असे विचारले होते. पाताळकोट भारिया आणि गोंड लोक पिढ्यानपिढ्या पाहत आलेले आहेत. ते तेथेच राहतात. भाऊंच्या मनात तसे काही वाकडे नव्हते. आमच्याही नव्हते. पण 'कोणी' या शब्दात आपण कोणाकोणाला धरतो, हे तपासून पाहिले पाहिजे.

या साऱ्या शोधात आम्ही माळ्यावरच्या पेट्या उघडल्या. आईच्या पेटीच्या तळाशी भाऊंचे शाळेतले एक पुस्तक निघाले. वेष्टण भित्तिपत्रकाच्या तुकड्याचे, छापील बाजू आत घातलेली. चित्रपटाचे नाव फाटून गेलेले. एका घोड्याचे तोंड आणि लगाम धरलेला हात तेवढा शिल्लक. तळाशी बारीक अक्षरांत मुद्रकाचे नाव आणि गाव, अमरावती. घडीवरून बोट फिरवले, ती बोटाला लागली. वरच्या कोऱ्या बाजूवर भाऊंच्या वळणदार अक्षरांत त्यांचे नाव, इयत्ता सातवी आणि विषय, इतिहास.

मुंबईचे भित्तिपत्रक आम्ही बैठकीतून काढले. नातवाच्या खोलीत ते छान दिसते आणि ते नक्कल आहे हे त्यास ठाऊक आहे. वेष्टणाचा तुकडा काचेत बसवला. कुलवृत्तांताच्या पहिल्या पानाखाली, आजोबांचे वाक्य न खोडता, दप्तरातील जुन्या वहिवाटदारांची नावे लिहिली आणि खाली आपली सही व तारीख घातली.

आता वाचकांस विनंती. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याचा इतिहास कधी ना कधी लिहिला जाईल, तो ज्या कागदांवरून लिहावयाचा ते आपल्या माळ्यांवर आहेत. पेट्यांचे तळ, फडताळातील अंथरलेले कागद, जुन्या पुस्तकांची वेष्टणे, तिकिटांचे अर्धुक रद्दीत देण्याआधी एकदा पाहावे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून असे साहित्य जतन करीत आले आहे. आपले मंडळही एक कपाट त्यासाठी देऊ शकेल. आणि ज्यांच्या घरी कुलवृत्तांत आहे त्यांनी त्याचे पहिले पान पुन्हा वाचावे. तेथे 'ओसाड' असा शब्द असेल, तर त्यावरून एकदा बोट फिरवून पाहावे.